गुडघा टेकणं सोपं, मैदान सोडणं अवघड

मंडळी, दरवर्षी स्मरणिकेसाठी संपादक मंडळाचा निरोप आला की मी एखादं नाटक नाहीतर सिनेमा हाती घेतो आणि त्यावर चार शब्द खरडतो. यंदा परीक्षणासाठी जो ‘प्रयोग’ निवडलाय तो जेमतेम पाच-सात सेकंदांचा आहे. त्यात संवाद नाहीत, नेपथ्य म्हणजे हिरवंगार मैदान, आणि पात्रं बावीस. शिट्टी वाजायच्या आधी ही पात्रं एक गुडघा जमिनीला टेकतात, क्षणभर थांबतात, उठतात आणि खेळायला लागतात. टीव्हीवर आपण सगळ्यांनीच हे पाहिलंय. चहाचा कप हातात घेऊन बहुतेकांनी ‘बरं आहे’ म्हटलं, काहींनी ‘हे काय नवीन खूळ’ म्हटलं आणि विषय तिथेच संपला.

आमच्या घरी तो संपला नाही. कारण आमच्या चिरंजीवांनी विचारलं, “बाबा, ते गुडघ्यावर का बसतात?”

तो दिवस माझ्या लक्षात आहे. ८ जून २०२१. आयर्लंड आणि हंगेरीचा मैत्रीपूर्ण सामना बुडापेस्टला होता. आयर्लंडच्या खेळाडूंनी गुडघा टेकला आणि प्रेक्षकांतून हुर्यो उडवल्याचा आवाज आला. मुलगा तेव्हा सात वर्षांचा. त्याला वाटलं, आपल्या टीमने काहीतरी चूक केली. आयर्लंडचे प्रशिक्षक स्टीफन केनी यांनी नंतर आपल्या मुलांची बाजू घेतली, तर हंगेरीच्या पंतप्रधानांनी प्रेक्षकांची. सामना शून्य-शून्य असा सुटला. पण त्याच सामन्यात शेवटच्या मिनिटांत बदली खेळाडू म्हणून चिडोझी ओगबेने मैदानात उतरला. जन्म नायजेरियातल्या लागोसचा, वाढला कॉर्कमध्ये. आफ्रिकेत जन्मून आयर्लंडच्या मुख्य संघातून खेळणारा तो पहिला खेळाडू. म्हणजे ज्याच्यासाठी गुडघा टेकायचा, तो त्याच संघात होता आणि हुर्यो ऐकून मग मैदानात उतरला होता!

मुलाला मी तेव्हा थोडक्यात उत्तर दिलं: “सगळी माणसं सारखी असतात, हे सांगायला बसतात.” उत्तर बरोबर होतं, पण अपुरं होतं. त्याचा पुरता अर्थ मला चार वर्षांनी, ल्यूकनमधल्या एका मैदानाच्या कडेला कळला. त्याकडे शेवटी येतो.

आधी या ‘प्रयोगा’चा इतिहास. १९६८ साली मेक्सिको ऑलिंपिकमध्ये टॉमी स्मिथ आणि जॉन कार्लोस या दोन कृष्णवर्णीय अमेरिकन धावपटूंनी पदक स्वीकारताना काळा हातमोजा घातलेली मूठ वर केली. शेजारी रौप्यपदकाचा मानकरी पीटर नॉर्मन हा गोरा ऑस्ट्रेलियन उभा होता. त्याने मूठ उगारली नाही, पण मानवी हक्कांच्या मोहिमेचा बिल्ला छातीवर लावला. स्मिथ आणि कार्लोस यांची संघातून हकालपट्टी झाली. २०१६ मध्ये अमेरिकन फुटबॉलमधल्या कॉलिन केपर्निकने राष्ट्रगीताच्या वेळी गुडघा टेकला. तो हंगाम संपल्यावर त्याला पुन्हा कुठल्याही संघाने घेतलं नाही. २०२० मध्ये जॉर्ज फ्लॉइड यांच्या मृत्यूनंतर हीच खूण इंग्लंडच्या प्रीमियर लीगमध्ये आली आणि इथेच गोष्ट बदलली. केपर्निक एकटा होता. इथे सगळे होते, आणि पाठीशी लीग स्वतः उभी होती.

आता कुणी म्हणेल, सगळे आले म्हणजे चांगलंच झालं की! झालंच. पण क्रिस्टल पॅलेसचा विल्फ्रेड झाहा हा कृष्णवर्णीय खेळाडू मार्च २०२१ मध्ये इतर सगळे गुडघ्यावर असताना ताठ उभा राहिला. हा सामन्याआधीच्या सरावाचाच एक भाग होऊन बसलाय, असं त्याचं म्हणणं होतं. त्याच वर्षी युरो स्पर्धेच्या अंतिम सामन्यात पेनल्टी हुकलेल्या रॅशफर्ड, सांचो आणि साका यांच्यावर समाजमाध्यमांतून जी घाण ओतली गेली, तिला गुडघा थांबवू शकला नाही. २०२५ च्या जुलैमध्ये इंग्लंडच्या महिला संघाची जेस कार्टर हिला अशाच शिवीगाळीला तोंड द्यावं लागलं, तेव्हा संघाने उपांत्य सामन्याआधी गुडघा न टेकता उभं राहायचं ठरवलं. जी खूण निषेध म्हणून सुरू झाली, ती न करणं हाच निषेध ठरला. आरतीचं ताट फिरावं तसं एखादं कर्मकांड हातोहात फिरत राहिलं की त्यातला देव कधी निघून जातो ते कळत नाही, तसंच हे.

आपल्या माणसांचा प्रयोगही पाहू. २४ ऑक्टोबर २०२१, दुबई, टी-ट्वेंटी विश्वचषक, भारत विरुद्ध पाकिस्तान. भारतीय खेळाडूंनी गुडघा टेकला. विराट कोहलीने नंतर सांगितलं की व्यवस्थापनाकडून तशी सूचना आली होती. चांगलं आहे. पण सूचना आली म्हणून टेकलेला गुडघा कवायतीतल्या गुडघ्यासारखाच. ज्या देशातल्या आयपीएलमध्ये आपल्याला ‘कालू’ म्हणून हाक मारत आणि त्याचा अर्थ आपल्याला नंतर कळला, असं डॅरेन सॅमीने २०२० मध्ये जाहीरपणे सांगितलं होतं, त्या देशाने याबद्दल काय बोलायचं, ते त्या गुडघ्यात कुठेच नव्हतं. त्या रात्री भारत दहा गडी राखून हरला आणि मोहम्मद शमीला त्याच्या धर्मावरून शिव्या सुरू झाल्या. काही दिवसांनी पत्रकारांसमोर कोहलीने शमीची बाजू घेतली, अगदी स्पष्ट शब्दांत. माझ्या मते त्या स्पर्धेतला खरा ‘गुडघा’ तो होता. तो त्याने स्वतःहून टेकला आणि त्याबद्दल स्वतःही शिव्या खाल्ल्या.

मुंबईकरांनी फार हुरळून जाऊ नये म्हणून एक जुनी आठवण. ऑक्टोबर २००७ मध्ये वानखेडेवर अँड्र्यू सायमंड्सला पाहून आपल्याच काही प्रेक्षकांनी माकडाचे हावभाव केले होते. छायाचित्रं छापून आली, पोलिसांना काही जणांना ताब्यात घ्यावं लागलं. जे वानखेडेवर गेली कित्येक वर्षं ‘सचिन, सचिन’ ओरडत होते, त्यांच्याच गर्दीतले हे लोक. परग्रहावरून आलेले नव्हते.

असो. परीक्षण करायचं तर तुलनेला एखादा अभिजात प्रयोग हवा. तो आपल्याच घरात आहे आणि आपल्याला तो फारसा माहीत नाही, ही या लेखामागची माझी खरी खंत.

बाळू पालवणकर. जन्म १८७६, धारवाड. कुटुंब कोकणातलं, जात चर्मकार, वडील लष्करात. पुण्यात आधी पारशी क्लबात आणि मग गोऱ्या साहेबांच्या पूना क्लबात मैदान झाडणं, रोलर ओढणं, जाळी लावणं ही बाळूंची कामं. पगार महिना तीन-चार रुपये. तिथेच कॅप्टन ग्रेग नावाच्या फलंदाजाला सरावासाठी चेंडू टाकता टाकता हा डावखुरा फिरकी गोलंदाज घडला. हिंदूंच्या संघाला जिंकायला तो हवा होता, पण चहाच्या वेळी तो पॅव्हेलियनबाहेर, आणि त्याचा चहा वापरून फेकून द्यायच्या मातीच्या भांड्यात. इतरांना चिनी मातीचे कप. चेंडू मात्र सगळे एकच हाताळत होते! चेंडूला विटाळ नाही, कपाला आहे, हे आपलं तेव्हाचं तर्कशास्त्र. न्यायमूर्ती रानड्यांनी तेव्हाच सुनावलं होतं म्हणतात, की ज्याच्याबरोबर खेळता त्याच्याबरोबर खायला-प्यायला काय हरकत आहे?

१९०६ आणि १९०७ मध्ये हिंदूंनी युरोपियनांना हरवलं, त्यात बाळूंचा मोठा वाटा. १९११ मध्ये पतियाळाच्या महाराजांच्या नेतृत्वाखाली भारतीय संघ इंग्लंडला गेला तेव्हा बाळूंनी ११४ बळी घेतले. संघ जवळपास सगळीकडे मार खात होता, तेव्हाचे हे आकडे. पण कर्णधारपद? ते नाही. १९१३ मध्ये एम. डी. पै कर्णधार झाले आणि त्यांनी स्वतः सांगितलं की ज्येष्ठतेने हा मान बाळूंचा होता. पै यांचं हे बोलणं मला पीटर नॉर्मनच्या बिल्ल्यासारखं वाटतं.

मग आलं १९२० साल. मुंबईची चौरंगी स्पर्धा. पै आजारी, म्हणून कर्णधारपद दि. ब. देवधरांकडे गेलं आणि बाळूंना तर संघातच घेतलं नाही. बाळूंचे धाकटे भाऊ विठ्ठल आणि शिवराम त्याच संघात होते, दोघेही उत्तम फलंदाज. त्यांनी काय केलं? ते संघातून बाहेर पडले आणि का बाहेर पडलो ते जाहीर निवेदन देऊन सांगितलं: आमच्या जातीमुळे आम्हाला डावललं जातंय. कुठलीही लीग पाठीशी नाही, पाठीवर छापलेली घोषणा नाही. चर्मकार समाजातले दोघे भाऊ, त्या काळच्या मुंबईत, हिंदू जिमखान्याच्या प्रतिष्ठितांना वर्तमानपत्रातून जाब विचारतात!

याचा परिणाम झाला. पुढच्या, म्हणजे अंतिम सामन्याला भाऊ परत आले, बाळू उपकर्णधार झाले आणि पै मैदान सोडून गेले तेवढा वेळ त्यांनी संघाचं नेतृत्वही केलं. १९२३ मध्ये विठ्ठल पालवणकर हिंदूंच्या संघाचे कर्णधार झाले आणि त्यांच्या नेतृत्वाखाली हिंदूंनी युरोपियनांना हरवून स्पर्धा जिंकली. केपर्निकच्या जवळजवळ शंभर वर्षं आधी!

इथे देवधरांवर राग धरायचं कारण नाही. ते मोठेच खेळाडू होते, पुढे प्राध्यापक देवधर म्हणून आपण त्यांना डोक्यावर घेतलं आणि त्यांच्या नावाचा करंडकही सुरू झाला. फक्त एवढंच, की बाळूंच्या नावाचा करंडक आपण टीव्हीवर कधी पाहिलेला नाही. आणि बाळूंना देवघरात बसवायचंही कारण नाही. ज्या डॉ. आंबेडकरांना तरुणपणी बाळूंबद्दल अपार कौतुक होतं, त्यांच्याच विरोधात बाळू १९३७ ची निवडणूक काँग्रेसतर्फे लढले आणि हरले. माणसं अशीच असतात, गुंतागुंतीची. त्यामुळे १९२० च्या नकाराची किंमत कमी होत नाही.

रामचंद्र गुहा यांच्या ‘अ कॉर्नर ऑफ अ फॉरेन फील्ड’ (२००२) या पुस्तकात ही सगळी हकिगत सविस्तर आहे. विठ्ठल यांनी ‘माझे क्रीडाजीवन’ हे आत्मचरित्र मराठीतच लिहिलं, १९४८ मध्ये. म्हणजे मूळ साक्ष आपल्या भाषेत असूनही आपल्यातल्या अनेकांना (मी धरून) ती इंग्रजीतून कळली. मंडळाच्या कपाटात पुलंची सगळी पुस्तकं आहेत, ती असायलाच हवीत. पण शेजारी ही दोन का नसावीत?

आता आपल्या सगळ्यांचा लाडका ‘लगान’ (२००१). त्यातला कचरा पाहताना बाळूंची आठवण होतेच. सिनेमा मलाही आवडतो, पण या एका बाबतीत त्याने मोठी गडबड केलीय. कचऱ्याची फिरकी ही त्याच्या अधू हाताची करामत, मेहनतीची नाही. बाळूंनी ती नेटमध्ये तासन्‌तास घाम गाळून कमावली होती. त्याहून महत्त्वाचं म्हणजे, गावकरी कचऱ्याला नाकारतात तेव्हा बोलतो कोण? भुवन. कचरा खाली मान घालून उभा. त्याच्यासाठी नायक भाषण करतो, गाव विरघळतं आणि कचरा हॅटट्रिक घेतो. प्रत्यक्षात पालवणकर स्वतः बोलले, स्वतः बाहेर पडले, आणि गाव काही आपोआप विरघळलं नाही. सिनेमाला उदार नायक हवा असतो आणि उपकृत माणूस हवा असतो. मला वाटतं आपल्यालाही तेच सोयीचं वाटतं. आपण भुवनच्या जागी बसून सिनेमा पाहतो, गावकऱ्यांच्या जागी बसून कधीच नाही.

आपल्या या दुसऱ्या गावाचा, आयर्लंडचा इतिहासही यात कमी नाही. १९८१ मध्ये आयर्लंडचा रग्बी संघ वर्णद्वेषी दक्षिण आफ्रिकेच्या दौऱ्यावर निघाला तेव्हा टोनी वॉर्ड, मॉस कीन, ह्यूगो मॅकनील आणि डोनल स्प्रिंग यांनी जायला नकार दिला. देशासाठी खेळायची संधी त्यांनी सोडली. त्याआधी १९७० मध्ये तिथला संघ डब्लिनला आला, तेव्हा लॅन्सडाउन रोडवर निदर्शनं झाली. ती चळवळ उभी करणाऱ्यांत ट्रिनिटी कॉलेजात कायदा शिकवणारे कादर अस्माल होते, मूळचे दक्षिण आफ्रिकेतल्या भारतीय कुटुंबातले, पुढे मंडेलांच्या मंत्रिमंडळात गेलेले. आणि अगदी अलीकडे, जून २०२३ मध्ये, आयर्लंडचा २१ वर्षांखालचा संघ कुवेतविरुद्ध ऑस्ट्रियात ३-० ने पुढे होता. आपल्या एका राखीव खेळाडूला वंशद्वेषी बोल ऐकावे लागल्याचं सांगून आयरिश संघाने सामना तिथेच सोडला. कुवेतच्या संघटनेने आरोप नाकारला. पण जिंकत असलेला सामना सोडणं, यात काहीतरी किंमत मोजलेली असते.

तेव्हा माझी कसोटी साधी आहे. हातवारा करणाऱ्याने पदरचं काय घातलं? नेमकं काय मागितलं? आणि कोणाला सांगितलं, लांबच्या जगाला की आपल्याच जिमखान्याला? पालवणकर बंधू तिन्हीत उत्तीर्ण. दुबईचा गुडघा माझ्या मते तिन्हीत नापास. प्रीमियर लीगचा गुडघा सुरुवातीला पास आणि पुढे काठावर. त्याने काहीच झालं नाही असं मात्र मी म्हणणार नाही, कारण माझ्या मुलाने प्रश्न विचारला तो त्यामुळेच.

आता ल्यूकन. २०२५ चा उन्हाळा इथल्या भारतीय कुटुंबांना विसरता येणार नाही. जुलैत टाला भागात एका भारतीय माणसावर निर्घृण हल्ला झाला, नंतर आणखी बातम्या येत गेल्या, वॉटरफर्डला तर सहा वर्षांच्या मुलीवर. भारतीय दूतावासाने सावधगिरीची सूचना काढली, भारत दिनाचा डब्लिनमधला कार्यक्रम पुढे ढकलला गेला. आपल्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर ‘रात्री एकटे जाऊ नका’, ‘बसमध्ये मोठ्याने मराठी बोलू नका’ असे निरोप फिरत होते. ज्या देशाने वराडच्या वराडकरांच्या लिओला पंतप्रधान केलं, त्या देशात! आपल्याला वाटत होतं, कुणीतरी आपल्यासाठी उभं राहावं. बरेच आयरिश शेजारी राहिलेही. आमच्या शेजारच्या आजी मुद्दाम केक घेऊन दार वाजवायला आल्या.

त्याच सप्टेंबरातली ही गोष्ट. शनिवार सकाळ, ग्रिफीन व्हॅली पार्क, मुलांचा सराव सामना. चिरंजीव आता अकराचे. त्याच्याच संघातला त्याचा जिवलग मित्र, आईवडील नायजेरियाचे, एकटाच चेंडू घेऊन पुढे पळत होता आणि पास देत नव्हता. मी कडेला उभा. उत्साहाच्या भरात मराठीत ओरडलो, “अरे, त्या काळ्याला सांग की पास द्यायला!” शेजारी उभे असलेले आपलेच दोघे-तिघे हसले. मराठी कोणाला कळतंय?

एकाला कळत होतं. मुलगा थांबला, अंगावरचं पिवळं बिब काढलं, प्रशिक्षकांच्या हातात दिलं आणि माझ्यापासून लांब जाऊन गवतावर बसला. प्रशिक्षकांना वाटलं पाय मुरगळला. गाडीत बसल्यावर तो म्हणाला, “बाबा, त्याला कळलं नाही तू काय म्हणालास. पण मला कळलं.”

मी म्हटलं, “अरे, आपल्याकडे असं सहज म्हणतात, त्यात वाईट काही नसतं.” हे बोलताना मला सॅमीचा ‘कालू’ आठवला नाही, वानखेडे आठवलं नाही, टालाही आठवलं नाही. ते सगळं रात्री आठवलं. झोप लागली नाही.

त्याला पुढचा शनिवार खेळायचा होता. त्याने तोही सोडायची तयारी ठेवली होती. त्याचं मागणंही नेमकं होतं: “तू त्याला सॉरी म्हण.” त्या पोराला काही कळलेलंच नाही, मग माफी कसली, असा युक्तिवाद मी दोन दिवस केला. शुक्रवारी संध्याकाळी मुलाला घेऊन त्यांच्या घरी गेलो. मित्राच्या वडिलांनी सगळं ऐकून घेतलं, थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “खरं तर हे आमच्यासाठी नवीन नाही. येऊन सांगणारा मात्र पहिलाच भेटला.” त्यांनी चहा दिला. कप सगळ्यांचे सारखेच होते, हे माझ्या लक्षात आलं आणि मान वर करवेना.

मंडळी, पुढच्या वर्षी आपल्या मंडळाच्या क्रीडादिनी गुडघा टेकायचा कार्यक्रम ठेवू नका, ही विनंती. त्याऐवजी दोन गोष्टी कराव्यात असं सुचवतो. मैदानाच्या कडेला उभं राहून आपण मराठीत जे बोलतो ते सगळ्यांना कळतंय असं धरून बोलायचं, हा नियम सामन्यांआधी मोठ्याने वाचून दाखवावा. आणि ज्येष्ठांपासून बाळगोपाळांपर्यंत सगळ्यांना पालवणकरांची गोष्ट सांगावी, मराठीतून. सांगायचं काम मी करीन. चिरंजीवांनी पहिल्या रांगेत बसायचं कबूल केलंय, चुकलो तर टोकायला.